‘गाडीचा स्वभावच तसा!’

स्वभावाला औषध नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. सासूच्या स्वभावाला नाही, साहेबाच्या स्वभावाला नाही आणि ऐन झोपेच्या वेळी भजनाची तालीम करणाऱ्या शेजाऱ्याच्या स्वभावाला तर नाहीच नाही. ही म्हण ज्या कोणा शहाण्याने काढली त्याच्यासमोर माणसे होती. यंत्रालाही स्वभाव असतो, आणि तोही नेमका विक्रीनंतर उघड होतो, हे त्या बापड्याच्या स्वप्नातही आले नसेल. हा शोध लावला तो आजच्या मोटारदुरुस्तीच्या धंद्याने. आपण सांगावे, “गाडी अडखळते.” त्यांनी हसून म्हणावे, “काका, गाडीचा स्वभावच तसा आहे.” झाले! दोषाला एकदा स्वभाव म्हटले की औषधाची गरज उरत नाही, सुटा भाग बदलण्याची गरज उरत नाही, आणि ज्या कंपनीने वॉरंटीच्या कागदावर ठसठशीत अक्षरांत वचन दिले तिला खिशात हात घालण्याचीही गरज उरत नाही. या एका वाक्याविरुद्ध मला आज तक्रार मांडावयाची आहे.

ज्यांच्या घरी असली गाडी नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. जुन्या गाडीला डाव्या पायाशी क्लच आणि हाताशी गिअरचा दांडा असे. हात आणि पाय यांचा मेळ जमणे म्हणजेच गाडी चालविता येणे. ऑटोमॅटिक गाडीत हा मेळ गाडीच घालते. त्यातही प्रकार आहेत. महागड्या गाड्यांत तेलाच्या माध्यमातून शक्ती पुढे नेणारी यंत्रणा असते, काहींत दोन कप्प्यांवरचा पट्टा असतो, तर काहींत एक सोडून दोन क्लच असतात. मध्यमवर्गाच्या वाट्याला येते ती चौथी जात. तीत गिअरपेटी आणि क्लच नेहमीचेच असतात. फक्त आपला डावा पाय आणि हात यांच्या जागी संगणकाच्या हुकमाने चालणारी एक यंत्रणा बसविलेली असते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ही जात आपल्याकडील लहान गाड्यांत आली आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनी ती उचलली. गंमत अशी, की त्याच साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडर बनविणे थांबले. तिच्या कुरबुरी साऱ्या देशाला तोंडपाठ होत्या. पण त्यांना कोणी स्वभाव म्हटले नाही. बिघाडच म्हटले, आणि मिस्त्री बाह्या सरसावून तिच्याखाली शिरले.

डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला म्हणून मी अशी एक गाडी घेतली. कोणत्या कंपनीची, हे सांगत नाही. कारण माझे भांडण एका कंपनीशी नसून एका वृत्तीशी आहे. पहिले वर्ष सुखाचे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी विचार करू लागली. म्हणजे असे, की आपण ॲक्सिलरेटर दाबावा, इंजिनाने आवाज करावा आणि गाडीने मात्र जागेवरच राहावे. एक क्षण, दोन क्षण. आणि मग एकदम गचका देऊन पुढे उडी घ्यावी. घराच्या फाटकात हे घडले तर हसता येते. पण नागपूरहून यवतमाळमार्गे तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गाला आडवे जाताना, डाव्या हाताने कापसाचा ट्रक येत असताना आणि मागच्या बाकावर सून व नात बसलेली असताना गाडीने दोन सेकंद विचार केला, तर त्या दोन सेकंदांत माणसाला कुलदैवत आठवते. ताशी साठ किलोमीटरने येणारा ट्रक दोन सेकंदांत तेहतीस मीटर अंतर कापतो. हा त्रैराशिकाचा हिशेब आहे, म्हाताऱ्याचा भित्रेपणा नव्हे.

मग सुरू झाल्या अधिकृत वर्कशॉपच्या वाऱ्या. पहिल्या वारीत तक्रार लिहून घेणारा मुलगा मोठा गोड होता. त्याने गाडीला संगणक जोडला, पडद्याकडे पाहिले आणि निदान केले, “काका, कोड नाही आला. गाडीत काहीच नाही.” दुसऱ्या वारीत गाडी दोन किलोमीटर फिरवून आणली. तिसऱ्या वारीत मला माझ्याच पायाविषयी प्रवचन ऐकावे लागले: “तुम्ही ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत जा, काका. जुनी सवय असते ना तुम्हा लोकांची.” चौथ्या वारीला मोठ्या शहरातील मोठ्या वर्कशॉपला जाण्याचा हुकूम झाला. म्हणजे दीडशे किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे. वॉरंटीतली दुरुस्ती फुकट असते असे म्हणतात. पेट्रोल, एक दिवस आणि बाहेरचे दोघांचे जेवण हे त्या फुकटात धरलेले नसते. तिथून जो कागद मिळाला त्यावर एकच ओळ होती: दोष आढळला नाही, गाडी नेहमीप्रमाणे आहे. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द त्या कागदावरचा एकमेव खरा शब्द होता. ती नेहमीप्रमाणेच अडखळत होती!

या ‘कोड नाही’ प्रकरणाचा एकदा निकाल लावला पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसेही त्यापुढे मान तुकवतात. गाडीतला संगणक म्हणजे त्रिकालज्ञ ऋषी नव्हे. कारखान्याने त्याला काही मर्यादा आखून दिलेल्या असतात. एखाद्या भागाचे मोजमाप त्या मर्यादेबाहेर गेले, आणि ठरलेल्या काळापर्यंत बाहेरच राहिले, तरच तो कोड नोंदवितो. मर्यादेच्या काठावर रेंगाळणारा बिघाड त्याच्या वहीत येतच नाही. अंगात नव्याण्णव ताप असला तर शाळेचा हजेरीपट मुलाला हजरच दाखवितो. म्हणून का मूल ठणठणीत असते? कोड असणे हा बिघाडाचा पुरावा आहे. कोड नसणे हा निर्दोषपणाचा पुरावा होऊ शकत नाही. एवढे साधे तर्कशास्त्र मॅट्रिकच्या मुलाला कळते. ते लाखो गाड्या विकणाऱ्या कंपन्यांना कळत नसेल, असे मला वाटत नाही.

आणि तपासण्याची तऱ्हा पाहा. माझी गाडी अडखळे ती तास-दीड तास चालून तापल्यावर, मे महिन्याच्या दुपारी, जेव्हा यवतमाळचा पारा पंचेचाळिसाकडे झुकलेला असतो. वर्कशॉपवाले तिला तपासत ती सकाळी दहाला, रात्रभर सावलीत उभी राहून गार झाल्यावर आणि तेही दोन किलोमीटर. हिवतापाच्या रोग्याला ताप नसताना बोलवावे, नाडी पाहावी आणि ‘रोग नाही’ म्हणून घरी पाठवावे, त्यातलीच ही गत.

शेवटी मार्ग दाखविला तो एका मिस्त्र्याने. पांढरकवडा रस्त्यावर त्याचे छोटेसे दुकान आहे आणि संगणकाशी त्याचे फारसे सख्य नाही. त्याने गाडी चालविली नाही, फक्त विचारले, “गरम झाल्यावरच थांबते का जी? मंग तेलाचा दाब पाहा म्हणा त्यायले. क्लच दाबाले दाबच भेटत नसन.” मी घरी येऊन वही उघडली. तारीख, वेळ, किती किलोमीटर चालल्यावर, बाहेरचे ऊन किती, गाडीत माणसे किती, कितव्या गिअरमध्ये, अशी तीन आठवड्यांची नोंद केली. शेजारी बसून भाच्याने काट्यांचे चित्रण केले. त्यात इंजिनाचा काटा चढताना आणि वेगाचा काटा जागीच राहिलेला लख्ख दिसत होता. मग विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही स्पीड पोस्टाने पत्र पाठविले. पत्रात शिवी नव्हती, विनवणी नव्हती. नोंदी होत्या आणि एकच मागणी होती. गाडी तापलेली असताना, संगणक जोडून, मला शेजारी बसवून तपासा.

पंधरा दिवसांत कंपनीचा अभियंता आला. भला माणूस होता. भर दुपारी आम्ही कळंबला गेलो, चिंतामणीला बाहेरूनच नमस्कार केला आणि परत फिरलो. गावात शिरताना गाडी अडखळली. त्याच्या पडद्यावर त्या क्षणी तेलाचा दाब खाली घसरलेला होता. दाब धरून ठेवणारे भांडे आणि पंप असे दोन्ही वॉरंटीत बदलून मिळाले, एक पैसाही न देता. त्याला आता एक उन्हाळा उलटून गेला. गाडी पुन्हा अडखळलेली नाही. माझा पाय मात्र बदललेला नाही. तो जुन्या सवयींसह तोच आहे!

आता मला सांगा, ज्या गाडीत ‘काहीच नव्हते’, तिच्यातले दोन भाग बदलल्यावर ती सुधारली कशी? स्वभावाला औषध सापडले म्हणायचे का?

दुसरी बाजूही मांडतो, नाही तर मी एकांगी ठरेन. या जातीच्या गाडीला खरोखरच एक खोड असते. गिअर बदलताना क्लच सुटतो, क्षणभर शक्ती तुटते आणि गाडी किंचित मान लववते. ती तिची घडण आहे. स्वस्त यंत्रणेची ती किंमत आहे, आणि विकत घेणाऱ्याने ती समजून घ्यावी. पण घडण आणि बिघाड ओळखण्याची कसोटी सोपी आहे. घडण असेल तर ती नवी गाडी असताना, गार असताना, आणि त्याच जातीच्या शेजारच्या गाडीतही दिसेल. जे पहिल्या वर्षी नव्हते आणि दुसऱ्या वर्षी आले त्याला घडण म्हणता येत नाही. तक्रार लिहून घेणाऱ्या त्या मुलाचाही मला राग नाही. वॉरंटीत केलेल्या कामाचे पैसे विक्रेत्याला कंपनीकडून मिळवावे लागतात, आणि पुराव्यावाचून केलेली मागणी फेटाळली जाण्याची भीती असते. म्हणून तो कोडाला चिकटतो. दोष त्याचा नाही. त्याला असे वागणेच सोयीचे करून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

ही व्यवस्था केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्या थरथरत, त्यांची शक्ती अचानक जाई. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यांना कंपनीने वारंवार काय सांगावे? की हा तुमच्या चालविण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे! तेथील ग्राहक आयोगाने खटला भरला आणि एप्रिल २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने कंपनीला १ कोटी डॉलर दंड ठोठावला. लक्षात घ्या, दंड सदोष क्लच बनविल्याबद्दल नव्हता. तक्रार करणाऱ्या माणसांना ज्या रीतीने वागविले त्याबद्दल होता. चीनमध्ये १५ मार्च २०१३ रोजी, जागतिक ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात, सरकारी दूरचित्रवाणीने फोक्सवॅगनच्या अशाच गिअरपेट्यांची गाऱ्हाणी दाखविली. आठवडाभराच्या आत कंपनीने सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलाविल्या. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ सालीच असा कायदा केला, की एकच दोष चार वेळा प्रयत्न करूनही दुरुस्त झाला नाही, किंवा नवी गाडी एकूण तीस दिवस दुरुस्तीत पडून राहिली, तर तो दोष कंपनीच्या गळ्यात पडेल. पुढे इतर राज्यांनीही त्याचा कित्ता गिरविला. आपल्याकडे असा वेगळा कायदा आजही नाही.

इथे कोणी म्हणेल, अहो, तुम्ही यवतमाळचे ना? ज्या जिल्ह्यात कापूस पिकविणाऱ्याच्या घरी दिवाळीत दिवा लागेल की नाही याची भ्रांत, तिथे मोटारवाल्यांचे हे रडगाणे कशाला? हा आक्षेप मला मनापासून मान्य झाला असता, जर ‘स्वभाव’ हे वाक्य फक्त मोटारवाल्यांनाच ऐकावे लागत असते. पण शेतकऱ्याला विचारा. बी उगवले नाही, तर त्याला काय ऐकावे लागते? तुम्ही पेरणी चुकवलीत, ओल नव्हती, खोल पेरलेत. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हाही विषाच्या चौकशीआधी फवारणाऱ्याच्या तोंडावर फडके होते की नव्हते याचीच चर्चा अधिक झाली. वाक्य तेच आहे. विकणाऱ्याचा माल निर्दोष, वापरणाऱ्याचा हात सदोष! मोटारवाल्याला हे वाक्य दोन सेकंदांच्या भीतीला पडते, शेतकऱ्याला सबंध हंगामाला. म्हणूनच ज्याला लिहिता-वाचता येते आणि ज्याला कागदासाठी चार फेऱ्या परवडतात, त्याने ते खोडून काढणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

आणि हे वाक्य खोडून निघते, हे शेतकऱ्यांनीच दाखवून दिले आहे. आंध्र प्रदेशातील शेतकरी राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध लढले. निगमाचे म्हणणे, बियाणे प्रयोगशाळेत तपासलेले नाही, मग दोष सिद्ध कसा? जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि विकत घेतलेल्या बियाण्यातले थोडे पुढील तपासणीसाठी त्याने बाजूला काढून ठेवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. सगळे बी मातीत गेले म्हणून त्याचा हक्क मातीत जात नाही. गाडीच्या कोडाला हाच न्याय का लागू नये?

कायदा आपल्या बाजूला मुळीच नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याने एक मोठी सोय केली. गाडी नागपुरात घेतली असो वा पुण्यात, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांपर्यंत चारशे. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोगात जाण्यापूर्वी १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून राष्ट्रीय मदतकेंद्राकडे गाऱ्हाणे नोंदविता येते. मात्र तक्रारीत विक्रेता आणि कारखानदार या दोघांचीही नावे घालावीत आणि कोणाचा दोष कोणता ते लिहावे. कारण गोव्यातील एका प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याच्या कृत्याचे खापर आपोआप कारखानदारावर फोडता येणार नाही असे म्हटले आहे. आणि ‘गाडीच बदलून द्या’ या मागणीवर फार विसंबू नये. वॉरंटीचे वचन सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे असेल, तर सबंध गाडी बदलण्याचा हुकूम सहसा होत नाही, हे २००६ पासून न्यायालयाच्या निवाड्यात आहे.

कायद्याची उणीव पुराव्यात आहे. तपासणीवाचून दोष ठरत नसेल, तर प्रयोगशाळेची फी प्रथम तक्रारदारानेच भरावयाची. आणि सगळा पुरावा असतो तो गाडीच्या संगणकात, ज्याची किल्ली कंपनीच्या हाती! म्हणून माझ्या मागण्या पाच आहेत. गाडी आत घेताना ग्राहकाची तक्रार त्याच्या स्वतःच्या शब्दांत, मराठीत, जॉबकार्डावर उतरवावी. ‘दोष आढळला नाही’ असे लिहावयाचे असल्यास गाडी कोणी, किती वाजता, किती किलोमीटर चालविली आणि ती गार होती की तापलेली, हेही लिहावे. संगणकातील नोंदीची प्रत मालकाला द्यावी; गाडी त्याची, तर नोंदही त्याचीच. एकच तक्रार तिसऱ्यांदा आली, की दोष नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर यावी. आणि वॉरंटीच्या मुदतीत लिहून दिलेली तक्रार मुदत संपली म्हणून मरू नये. यातली पहिली तीन कलमे अमलात आणायला लोकसभेचे अधिवेशन भरवावे लागत नाही. ग्राहकाने काउंटरवर उभे राहून ती मागावी लागतात.

पण आपण मागत नाही, हे खरे दुखणे आहे. भाजीवाल्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण, आठ लाखांची गाडी घेतल्यावर मात्र ‘जाऊ द्या, कुठे भांडत बसता’ असे म्हणतो. गार हवेच्या काचेच्या खोलीत कोणी चहा दिला की आपला आवाज बसतो. १९६२ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकाचे चार हक्क सांगितले. त्यांत सुरक्षिततेचा हक्क होता, तसाच आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याचाही होता. त्यानंतर बारा वर्षांनी पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबईतही ग्राहक पंचायत निघाली. म्हणजे हा विचार मराठी मुलखाला नवा नाही. त्याची सवय तेवढी राहिलेली नाही.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घातली, लिंबू बांधले. लक्ष्मीपूजनाला व्यापारी मंडळी वहीखाते पाटावर मांडतील. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी यंदा त्या पाटावर एक फाइलही ठेवावी: वॉरंटीचा कागद, आजवरची जॉबकार्डे आणि तारीखवार नोंदीची एक वही. जॉबकार्ड सापडत नसेल तर पाडव्यानंतर वर्कशॉपमध्ये जाऊन त्याची प्रत मागावी. आणि समोरून कोणी हसून “गाडीचा स्वभावच तसा आहे” म्हणाले, तर तितकेच हसून म्हणावे, “असेल बाबा. पण ते तेवढे लिहून, खाली सही करून दे.”